बाजेला चार खूर असतात

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी ४४ वर्षांची. पुण्यात कॅम्पाच्या अलीकडे राहते, एका शाळेच्या ऑफिसात अर्धा दिवस काम करते. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. "हं", "नाय" आणि एक शिवी, एवढंच तोंडातून येतं. पण संध्याकाळी आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो तेव्हा मिस्टरही सगळे शब्द न चुकता बरोबर म्हणतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा चर्चच्या मंडळीत सगळ्यांनी टाळ्या वाजवून देवाची स्तुती केली. महिन्याभरात बोलायला लागतील म्हणाले. त्याला दीड वर्ष झालं. आता तेच लोक विचारतात, घरात कुठं अडखळण (देवाच्या कृपेच्या आड येणारं पाप) आहे का, तुझा विश्वास कमी पडतोय का? नणंद त्यांना परगावच्या चंगाई सभेला (प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेला) न्यायचं म्हणते. तिथले प्रचारक गोळ्या सोडूनच या म्हणतात म्हणे. मला वाटतं नर्सिंग ब्यूरोचा माणूस ठेवावा. सासूबाई म्हणतात, नवरा परक्याच्या हाती देतेस? हा तुझा क्रूस आहे, तूच वाहायचा. मुलगी अकरावीला आहे, आठवड्यातले दोन दिवस कॉलेज बुडवून वडिलांजवळ बसते. मागच्या महिन्यात मी रागानं त्यांचा हात झटकला. रात्री वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. सहा महिने चर्चला गेले नाही. प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत. पुन्हा आशा कुठून आणू? आणि माणूस ठेवला तर देवासमोर मी कमी पडेन का?

ताई, सलाम.

तुमचं पत्र हातानं लिहिलेलं आहे आणि त्यात तीन वेगवेगळी अक्षरं आहेत. पहिलं पान नीटस, दुसरं घाईतलं, तिसऱ्यावर ओळी खाली उतरत गेलेल्या. मधे दोनदा उठून मिस्टरांची कूस बदलली, असं तुम्ही समासात लिहिलंय. सगळ्या पत्रात ही एकच गोष्ट तुम्ही जाताजाता सांगितली आहे आणि मी तिथंच थांबले. पहाटे तीन वाजता दुसऱ्याच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून जी उठते, तिला लोक विश्वास कमी आहे म्हणतात?

पण आधी ते एक वाक्य घेऊ. "सकाळी जागच आली नाही तर बरं." ते लिहून तुम्ही पुढं "देवा, क्षमा कर" असं लिहिलंत आणि खोडलंत. खोडायची गरज नव्हती, आणि क्षमा मागायचीही. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून हेच म्हणाला होता: पुरे झालं, आता माझा जीव घे. त्यावर देवानं त्याला काय सांगितलं? काहीच नाही. त्याला झोप लागू दिली. मग दूतानं उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं, आणि म्हणाला, तुझी वाट लांब आहे. जाब विचारणं, पुढचं काम सांगणं हे सगळं नंतर, कितीतरी दिवसांनी. इतक्या मोठ्या संदेष्ट्यावर देवानं केलेला पहिला इलाज म्हणजे झोप आणि भाकरी.

म्हणून, ताई, मिस्टरांना दाखवायला ज्या डॉक्टरांकडे जाता त्यांनाच पुढच्या खेपेला सांगा, की मलाही तपासा, मला असे विचार येतात. शब्द गोल करू नका, मला लिहिलंत तसंच सांगा. आणि रात्री तो विचार फार जवळ आला तर सकाळची वाट न बघता १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या कितीतरी लोकांना असे विचार येतात आणि ते कुणाला सांगत नाहीत. चर्चमधले तर मुळीच नाही, कारण तिथं रविवारी सगळे छान कपडे घालून "प्रभूची कृपा आहे" म्हणत असतात.

आता तुमचा प्रश्न. माझा विश्वास कमी पडतोय का, हे तुम्ही पत्रात चार वेळा विचारलंय. मला तुमच्याबरोबर कफर्णहूमच्या त्या घरी जायचंय, मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात. गोष्ट तुम्हाला पाठ असणार, संडे स्कूलपासून ऐकलेली. दारात गर्दी, आत जायला वाट नाही, म्हणून चौघं जण छप्पर उकरतात आणि पक्षघाती माणसाला बाजेसकट खाली सोडतात. पुढचं वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की ते ऐकूच येत नाही: येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे बाज उचलणाऱ्यांचा. त्यात आजारी माणूसही धरला तरी पाच जण होतात. मग तुमच्या घरी सगळं एकट्या बायकोच्या विश्वासावर कसं काय येऊन पडलं?

आपल्याकडं चौघांचा खांदा म्हटलं की डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. माणूस गेल्यावर चौघं जमतात, त्यांना बोलावणंही करावं लागत नाही. कफर्णहूमच्या त्या माणसाचं भाग्य असं, की त्याला चौघं जिवंतपणी मिळाले. बाजेला चार खूर असतात. एका माणसाला ती उचलता येत नाही, फक्त फरफटत नेता येते. तुम्ही दोन वर्षं ती फरफटत नेताय, आणि लोक कडेला उभं राहून म्हणताहेत, हिचा जोर कमी पडतोय.

त्या गोष्टीत आणखी एक आहे, आणि ते सांगताना मला थोडं कडक व्हावं लागेल. तो आजारी माणूस सगळ्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. तरी येशू आधी त्याच्याशी बोलतो. शास्त्र्यांशी नंतर. "मुला" म्हणून त्याला हाक मारतो. तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, नणंद आहे, मुलगी आहे, मंडळी आहे, ते परगावचे प्रचारक आहेत. मिस्टरांना काय हवंय, हे मात्र कुठंच नाही. सभेला जायचंय का त्यांना? आंघोळ घालायला बाहेरचा पुरुष माणूस आला तर त्यांना संकोच वाटेल, की बायकोकडून आणि मुलीकडून सगळं करून घेण्यापेक्षा ते बरं वाटेल? हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि याला तुमचा निष्काळजीपणा कारण नाही. बोलणं गेलं की आपण सगळेच समजतो, कळणंही गेलं. तुमच्या वर्णनावरून तरी त्यांना बरंच कळतंय असं दिसतं. वाचा गेली पण समज राहिली, असं पक्षाघातात पुष्कळदा होतं. एका वेळी एकच प्रश्न विचारा, हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असा. टीव्ही बंद करा, समोर बसा आणि सावकाश दहापर्यंत मोजून होईतो थांबा. "हं"ची खात्री वाटत नसेल तर कागदावर एका बाजूला बरोबरची खूण, दुसरीकडं फुली काढा आणि डाव्या हातानं दाखवायला सांगा. नणंदेला आणि सासूबाईंना उत्तर देण्याआधी हे करा.

आणि त्या झटकलेल्या हाताबद्दल त्यांची माफी मागा, त्यांच्या डोळ्यांत बघून. तो हात उजवा होता का? तसं असेल तर फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवून घ्या. लुळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, ओढ बसली की दुखावतो. उठवताना, कूस बदलताना तो हात कुणीच कधी ओढू नये, सासूबाईंनाही सांगा.

आता प्रभूच्या प्रार्थनेचं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शरीराची उजवी बाजू जाते, आणि बहुतेक माणसांची भाषा त्याच डाव्या बाजूला असते, म्हणून बोलणंही जातं. याला अफेझिया म्हणतात. पण आकडे मोजणं, वार म्हणणं, लहानपणापासून घोकलेली प्रार्थना, भजनाची चाल, आणि हो, शिवीसुद्धा, हे शब्द शोधून बोललेले नसतात. ते वेगळ्या वाटेनं येतात, म्हणून पुष्कळदा शाबूत राहतात. तुमच्या मिस्टरांच्या तोंडी ती एक शिवी आणि प्रभूची प्रार्थना दोन्ही टिकली, त्याचं कारण एकच आहे. शिवीची लाज वाटून घेऊ नका.

मग तो चमत्कार नव्हता का? मला विचाराल तर, घरातली सगळी दारं बंद झाल्यावर एक खिडकी उघडी राहिली, आणि त्या खिडकीतून नेमकी प्रार्थना आली, याला मी कृपाच म्हणते. चूक लोकांची झाली ती इथं, की त्यांनी त्या कृपेवर तारीख टाकली. तारीख उलटल्यावर बिल तुमच्या नावावर फाडलं. "दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं" ही आपल्या आजीपणजीची म्हण पक्षाघाताला जितकी लागू पडते तितकी कशालाच नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, पुढं वेग मंदावतो. बोलण्यातली सुधारणा मात्र काहींना पुढं कित्येक वर्षं थोडी थोडी होत राहते. स्पीच थेरपिस्टकडं गेल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. जा. रोजचे शब्द, "पाणी दे", "खिडकी लाव", चालीवर बसवून म्हणायला शिकवायची पद्धत त्यांच्याकडं असते. भजन येणाऱ्या माणसाला तिचा उपयोग होऊ शकतो. शिवाय पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. भजन ऐकून ते रडतात असं तुम्ही लिहिलंय. ते भक्तीचं रडणं असेल, दुःखाचं असेल, किंवा झटक्यानंतर काहींना आवर नसलेलं रडू येतं तसंही असेल. डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांबद्दल मी अजिबात मवाळ होणार नाही. रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना न विचारता एक दिवससुद्धा थांबवायची नाही. पहिला झटका येऊन गेलेल्याला दुसऱ्याचा धोका असतोच, गोळ्या सोडल्या की तो वाढतो, आणि दुसरा झटका उरलेलंही घेऊन जातो. नणंदेला हे सांगताना भांडू नका, शास्त्रातूनच सांगा. हिज्कीया राजा मरायला टेकला होता तेव्हा देवानं त्याची प्रार्थना ऐकली, आणि यशया संदेष्ट्यानं गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं. दोन्ही एकाच अध्यायात. पौलानं कितीतरी लोकांना बरं केलं, पण सोबती त्रफिमाला मिलेत गावी आजारी सोडून त्याला पुढं जावं लागलं, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. स्वतःच्या दुखण्यासाठी तीनदा विनवणी केली, दुखणं राहिलं. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला नणंदबाई धजतील का? बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी, रोज करावी. पाळकसाहेबांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी, ती मंडळीची रीतच आहे. मिस्टरांनी "हं" म्हटलं तर सभेलाही न्यावं, गोळ्यांची पिशवी बरोबर घेऊन. जिथं ती पिशवी दारात ठेवायला सांगतील, तिथून गाडी वळवावी.

अडखळण शोधणाऱ्यांसाठी मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळानं आई, वडील, मोठी बहीण नेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, नवरा कॉलऱ्यानं गेला. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणून पुढचं दुःख टळलं असं झालं नाही. कान अधू होते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. केडगावला मुक्ती मिशनमध्ये, हिब्रू आणि ग्रीक शिकून, सोप्या मराठीत बायबल उतरवण्याचं काम त्यांनी शेवटच्या दिवसांपर्यंत केलं. तुमच्या घरात कुठं अडखळण आहे का बाई, असं त्यांना विचारायची कुणाची छाती झाली असती?

सासूबाईंचं वाक्य मला नणंदेच्या सभेपेक्षा जड वाटलं. त्यांचा राग करू नका. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला आपला मुलगा परक्याच्या हातात नको वाटतो, यात भीती आहे. उद्या मलाही असंच देतील, ही भीती. पण "तुझा क्रूस तूच वाहायचा" हे त्यांना पुन्हा तपासून बघायला सांगा, कारण प्रभूचा क्रूसही शेवटपर्यंत एकट्या प्रभूनं वाहिलेला नाही. वाटेत शिमोन कुरेनेकर होता. तो तर रानातून येत होता, त्याला धरून आणलं, परकाच होता. आणि क्रूसावरून प्रभूनं आपल्या आईची सोय लावली, ती पोटच्या पोराकडं नव्हे, एका शिष्याकडं. योहानाच्या १९व्या अध्यायातला आईचा तो प्रसंग एका दुपारी सासूबाईंनाच मोठ्यानं वाचायला सांगा. तुमच्यापेक्षा त्यांना तो जास्त पाठ असेल, आणि स्वतःच्या आवाजात ऐकला की वेगळा लागेल.

ब्यूरोचा माणूस ठेवू की नको, यावर मला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुरेशी वाटते. सेवेचं उदाहरण म्हणून सगळ्या जगाला ती ठाऊक आहे. पण तिचा शेवट आपण गाळतो. शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पैसे काढून उतारशाळेच्या मालकाला दिले, याची काळजी घे म्हणाला, जास्त लागले तर परत आल्यावर देतो म्हणाला, आणि आपल्या कामाला गेला. पगारी माणसाच्या हाती जखमी सोपवून तो गेला, आणि प्रभूनं त्यालाच आदर्श ठरवलं.

म्हणून माणूस ठेवा. परवडत असेल तर बारा तासांचा, नसेल तर सकाळचे चार तास, आंघोळ आणि शौचाच्या वेळेपुरता. सगळ्यात जास्त कंबर त्यातच मोडते. ब्यूरोकडं ओळखपत्र आणि पोलीस पडताळणीचा कागद मागा, लाजू नका. पक्षाघाताच्या पेशंटचं काम आधी केलंय का ते विचारा. पहिले तीन-चार दिवस घरी कुणीतरी मोठं माणूस असू द्या. कूस दर दोन तासांनी, लुळा हात ओढायचा नाही, पाणी पाजताना पाठ सरळ, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. त्याच्याशी मामा, दादा म्हणून बोला, त्याच्या जेवणाची वेळ पाळा. आणि कधीही न सांगता मधेच घरी येत जा.

पैशांची अडचण तुम्ही उल्लेखलेली नाही, पण अर्ध्या दिवसाच्या पगारात ती असणारच, आणि हे वाचणाऱ्या इतरांनाही असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पुन्हा भरती करायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठायचं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त पडतात, फक्त बदललेली गोळी डॉक्टरांना एकदा दाखवा. ज्यांच्या घरी कॅन्सरचं दुखणं आहे त्यांच्यासाठी वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (दुखणं सुसह्य करणाऱ्या सेवेचं) सेंटर १९९७ पासून आहे. पेशंटबरोबर घरच्या माणसालाही राहता येतं, पैसे घेत नाहीत. तिथं जाणं म्हणजे आशा सोडणं, असं समजून लोक फार उशिरा जातात.

ब्यूरोचा माणूस म्हणजे एक खूर. तुम्ही दुसरा. उरलेले दोन मंडळीतून आणि नात्यातून यायला हवेत. तुमचं लग्न लागलं तेव्हा "आजारात आणि आरोग्यात" हे तुम्ही दोघंच बोललात, पण मागं बाकांवर अख्खी मंडळी साक्षीला उभी होती. लोक वाईट नसतात. "काही लागलं तर सांगा" म्हणतात, आपण "हो, नक्की" म्हणतो, आणि दोघांचंही कर्तव्य तिथंच संपतं. त्यांना काय लागतं हे खरंच माहीत नसतं. तुम्ही एक कागद करा आणि पाळकसाहेबांच्या हातात द्या: मंगळवारी चार ते सहा कुणीतरी पुरुष माणूस यांच्याजवळ बसायला. शनिवारी संध्याकाळचा डबा. महिन्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेण्यासाठी गाडी. सणाच्या आठवड्यात सासूबाईंना प्रभुभोजनाला न्यायला-आणायला कुणी. घरी कॉटेज मीटिंग (घरातली प्रार्थनासभा) घ्यायची असेल तर अर्धा तास, आणि कपबशा त्यांनीच विसळायच्या. नणंदेलाही एक खूर द्या. भावासाठी तिचा जीव तुटतोय म्हणून ती सभा शोधतेय. तिला म्हणा, महिन्यातला एक शनिवार-रविवार तू इथं राहा, मला दोन रात्री झोपू दे. दोन रात्री त्यांची कूस बदलल्यावर ती गोळ्यांबद्दल काय बोलते ते बघा.

माझी आई पाच वर्षं अंथरुणाला होती. आम्ही तेव्हा गुरुवार पेठेत राहायचो. रविवारी सकाळी पंचहौद चर्चच्या घंटा वाजायच्या आणि मी मोरीत तिचे कपडे धूत असायचे. घंटा ऐकू येऊ नयेत म्हणून नळ मोठा सोडायचे. घरी येऊन प्रार्थना करून जाणारे खूप होते. मग एका रविवारी उपासनेहून परतताना आमच्या गल्लीतल्या एक बाई वर आल्या, पर्स खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बादली कुठंय?" त्या दिवशी त्यांनी वचनही वाचलं नाही. मी आत जाऊन दोन तास झोपले. पुढं चार वर्षं दर रविवारी त्या यायच्या. माझा विश्वास परत आला तो मोरीच्या दारातून आला, हे मी आजवर कुठल्याही साक्षीच्या सभेत सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

मुलगी या चौघांत नाही, हे मात्र पक्कं ठरवा. तिनं वडिलांजवळ बसावं, त्यांना मोबाईलवर गाणी लावावीत, डाव्या हातानं कॅरम खेळायला लावावं. पण कॉलेज बुडवून नाही, आणि त्यांचं अंग पुसण्यासाठी तर नाहीच. सोळा वर्षांची मुलगी नाही म्हणत नाही. ती म्हणेल, "आई, मला चालतं." तिला ते विचारूच नका. सोमवारपासून दोन्ही दिवस कॉलेजला पाठवा, त्या दिवसांची सोय कागदावर सगळ्यात वर लिहा.

प्रार्थनेला शब्द येत नाहीत म्हणता. मग दुसऱ्याचे घ्या, स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. बरं वाटायला तेविसावं वाचा असं सगळे सांगतील. मी तुम्हाला अठ्ठ्याऐंशीवं वाचा म्हणते. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडं जरा तरी सावरतात, देवाची स्तुती करतात. हे एक सावरत नाही, अंधारातच संपतं. तरीही कुणी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही. रडणाऱ्या माणसाला देवाच्या पुस्तकात पूर्ण एक अध्याय दिलाय. रागावायचं असेल तर देवावर मोठ्यानं रागवा, गच्चीवर जाऊन. ईयोब पानंच्या पानं रागावला, आणि शेवटी देवानं ठपका ठेवला तो त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांवर.

चर्चला जायची घाई करू नका. सगळ्यांशी बोलायचा धीर नसेल तर उपासना सुरू झाल्यावर जा, शेवटच्या बाकावर बसा, शेवटच्या गीताला निघून या. नाहीतर सध्या संध्याकाळची तुमच्या घरची ती पाच मिनिटं हीच उपासना समजा. फक्त आजपासून त्यांच्या तोंडाकडं बघत बसू नका, आज नवीन शब्द येतो का म्हणून. त्यांनाही ते कळत असणार, की रोज संध्याकाळी त्यांची परीक्षा असते. त्यांच्या डाव्या बाजूला बसा, चांगला हात हातात घ्या, डोळे मिटा आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" त्यांना सुरू करू द्या. तुम्ही मागून म्हणा. तुमचे शब्द अडतील तिथं त्यांचे पुढं जातील.

कागद या रविवारच्या आत पोचवा, सासूबाईंच्या हातीच पाठवा. पहिल्या मंगळवारी कुणी बसायला आलं आणि ते दोन तास मोकळे मिळाले, की तुंबलेलं काम काढाल, मला माहीत आहे. काढू नका. दार लोटून घ्या आणि झोपा.